सोजराबाईंचं बाकडं

मित्रांनो, मी एक जुनी नऊ जणांची गाडी आहे. शिरड शहापूरच्या मुंजाजींनी मला नवी कोरी घरी आणली, तेव्हा त्यांच्या बायकोने, सोजराबाईंनी, मला झेंडूचा हार घातला होता. लग्नं, दवाखाना, कळमनुरीचा बाजार, सगळीकडे मीच! लेकरं मागच्या बाकड्यासाठी भांडायची. नऊ जणांची गाडी, पण चौदाच्या खाली कधी माणसं बसली असतील तर शपथ! तरी मला त्याचं ओझं वाटलं नाही.

मग शेतात हळद वाढली. मुंजाजींनी पाना घेऊन माझं मागचं बाकडं काढलं आणि तिथे पोती कोंबली. बाकडं अंगणात लिंबाखाली गेलं. पोत्यांच्या वजनाने माझे स्प्रिंगचे पाटे बसले, चढाला धाप लागू लागली. "म्हातारी झाली गाडी," असं मुंजाजी म्हणायचे. अहो, कशाने झाली तेही सांगा की!

यंदा दारात बॅटरीवरचा टेम्पो आला. ना धूर, ना खडखड. भरली पोती घेऊन हूं की चूं न करता निघायचा. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? त्यातच मला सोमवारी भंगारात द्यायचं ठरलं.

रविवारी कनेरगाव नाक्याला लग्न होतं. टेम्पोत पुढे दोनच जागा, आणि माझं मागचं बाकडंच काढलेलं, सगळी माणसं मावणार कुठे? मुंजाजींनी टेम्पोच्या मागच्या हौद्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. "बसा, काय होतंय!" सोजराबाई नातीला, पल्लवीला, घेऊन बसल्या. घरापुढच्या वळणावरच खुर्ची घसरली. पल्लवीला सावरताना सोजराबाईंचं मनगट मोडलं. त्यांची किंकाळी ऐकून माझा जीव कळवळला.

टेम्पो परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मला पोत्यांची गाडी केली, त्याला माणसांची. त्याच्यावरचा माझा राग तिथेच गेला.

सोमवारी भंगारवाले भागवत आले. सोजराबाई हात गळ्यात बांधून लिंबाखाली बाकड्यावर बसल्या होत्या.

"उठ गं, बाकडं बी द्यायचंय," मुंजाजी म्हणाले.

"न्हाई उठत! आधी हे बाकडं गाडीत बसवा. त्याच्यावर मला बसवा. मंग खुशाल न्या भंगारात!"

मुंजाजींनी सोजराबाईंच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "माझ्यामुळंच तुला तकलीफ झाली," असं हळूच म्हणाले आणि घरातून तोच पाना घेऊन आले. बाकड्याचं दुसरं टोक भागवतांनी उचललं.

आता पोती टेम्पोत आणि माणसं माझ्यात. मित्रांनो, माल वाहणाऱ्या गाडीत माणसं बसवू नका, आणि म्हाताऱ्या गाडीला भंगारात काढण्याआधी तिच्याकडून आपण काय काय ओढून घेतलं ते आठवा. माझ्यात बसायला कधीही या. बाकड्यासाठी भांडलात तरी चालेल, फक्त खिडकीची जागा सोजराबाईंना ठेवा.