तासाला वीस माणसं

हार्लो फॉल्सच्या पादचारी आणि सायकल सल्लागार समितीचं काम सल्ला देणं, आणि नगरपालिकेचं काम तो सल्ला फायलीला लावणं. सात बिनपगारी सभासद महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या तळघरात जमायचे आणि घरून आणलेली बिस्किटं खायचे. व्हर्ना लिंडक्विस्ट सहा वर्षं ती बिस्किटं खात होती ती एकाच मागणीपायी: तिच्या घरासमोरच्या मिल रोडवर पांढरे पट्टे हवेत.

रस्त्यापलीकडे वृद्धाश्रम होता आणि तिथं तिची थोरली बहीण एडिथ राहायची. रोज सकाळी एडिथ वॉकर ढकलत रस्ता ओलांडायची, व्हर्नाच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायची आणि कॉफी पाणचट होती असं सांगून परत जायची. ऑगस्टात एका ट्रकवाल्याने तिच्यावर हॉर्न ठोकला, आणि आश्रमाच्या व्यवस्थापिकेने फर्मान काढलं की पट्टे नाहीत तिथं रहिवाशांनी रस्ता ओलांडायचा नाही. मग व्हर्नाच थर्मास घेऊन पलीकडे जायला लागली. पण एडिथचा चेहरा काही खुलेना.

"माणसाला कुठंतरी पाहुणं म्हणून जायचं असतं गं," ती म्हणाली. त्र्याऐंशी वर्षांची बाई हे बोलली, आणि ते व्हर्नाच्या फार जिव्हारी लागलं.

अभियंत्यांचा नियम असा की तासाला वीस माणसं रस्ता ओलांडत असतील, तरच पट्टे. पट्टे नाहीत म्हणून कुणी ओलांडत नाही, असं व्हर्ना दर सभेत सांगायची आणि दर सभेत ते इतिवृत्तात नीटनेटकं लिहिलं जायचं. अखेर मोजणी मंजूर झाली. गुरुवारी सकाळी, दहा ते अकरा. ही हुकली की पुढची दोन वर्षांनी.

समितीचा अध्यक्ष गॉर्डन प्रुइट. शाळेत असताना तो व्हर्ना चालवायची त्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसायचा आणि तिचा वेग वहीत लिहून ठेवायचा. आता पन्नाशी आली तरी खोड गेली नव्हती. चार सभासद एकत्र आले की ती सभा, आणि सभेची जाहीर सूचना तीन दिवस आधी लागते, हा त्याचा लाडका नियम. गेल्या नाताळात समितीतल्या मार्सीच्या घरी तिच्यासकट तीन सभासद आधीच जमले होते, म्हणून या गृहस्थाने बर्फात उभं राहून केक खाल्ला. बारा वर्षांत त्याच्या नावावर एक डाग नव्हता.

गुरुवारी मोजणीवाला रूडी घडीची खुर्ची टाकून बसला. व्हर्नाच्या बाजूला मार्सी आणि समितीचा चिटणीस हॉलिस उभे होते. तिघं झाले, म्हणून गॉर्डन पलीकडे आश्रमाच्या फाटकाशी एकटाच थांबला.

मार्सी झोकात सायकलवरून पलीकडे जाऊन आली. रूडीने हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबलं नाही.

"अहो, मी गेले की!"

"सायकल गेली. मला चालणारी माणसं मोजायला सांगितलीत."

"मग सायकलवर काय बटाट्याचं पोतं होतं?"

"चालत गेलं तर पोतंही मोजीन, बाई."

मार्सी मुकाट्याने सायकल हातात धरून चालत गेली नि आली. हॉलिसने चर्चचं विणकाम मंडळ आणलं होतं. पोस्टमन आला, बेकरीवाला आला. एक चेहरा एकदाच मोजायचा, त्यामुळे दहा पंचावन्नला आकडा अठरावर अडला.

"गॉर्डन, ये ना इकडे!" व्हर्ना ओरडली.

"मी आलो की सभा होते. आणि मी धरून एकोणीसच. कृपया माझ्याशी बोलू नका."

"तुला सहा वर्षं शाळेत पोचवलंय मी!"

"मर्यादेपेक्षा सात मैल जास्त वेगाने," गॉर्डन म्हणाला.

तेवढ्यात आश्रमाचं फाटक वाजलं. चांगला निळा कोट घालून, लिपस्टिक लावून एडिथ बाहेर आली.

"एडिथबाई, तुम्हाला मनाई आहे," गॉर्डन म्हणाला.

"मला ऐकू येत नाही," असं म्हणून तिने वॉकर रस्त्यावर उतरवला. तिला पलीकडच्या खोलीतली कुजबुजसुद्धा ऐकू यायची.

वळणावर ट्रक दिसला. गॉर्डनने समोरच्या तीन सभासदांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि रस्त्यात उतरून हात वर केला. ट्रक थांबला. एडिथचं एक पाऊल, मग त्याचं एक, असे दोघं आले. रूडीने बटण दोनदा दाबलं. अकराला दोन मिनिटं कमी होती.

व्हर्ना बहिणीच्या गळ्यात पडली आणि रडली. गॉर्डन सभासदांकडे पाठ करून टपालपेटी न्याहाळत उभा राहिला.

"नाटकं पुरे," एडिथ त्याला म्हणाली. "आत चला सगळे. पाणचट असते, पण गरम असते."

पुढच्या सभेत पट्टे मंजूर झाल्याचं पत्र वाचलं गेलं. एडिथ प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून बिस्किटं खात होती. गॉर्डन उभा राहिला.

"गेल्या महिन्यात मिल रोडवर चार सभासदांची विनासूचना सभा भरली. चूक अध्यक्षाची. नोंद घ्या."

"सभेचा विषय काय लिहू?" हॉलिसने विचारलं.

गॉर्डनने बराच विचार केला. "कॉफी."

"आणि ठराव?"

"पाणचट आहे. एकमताने मंजूर."

"एकमत कसलं?" डोळे पुसत व्हर्ना म्हणाली. "माझा विरोध नोंदवा."