पाळण्यावरचा चोवीस

“ताई, पहिलाच बोर्ड ना? मग हा नका घेऊ. हा तीन व्होल्टचा, नाजूक आहे. तुमचा तापमानाचा सेन्सर पाच व्होल्टचा. सरळ जोडलात तर पिन जळेल याची. तो मोठा घ्या, तो नवशिक्यांच्या चुका पोटात घालतो.”

इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचा दुकानदार हे सांगत होता, तेव्हा मी काउंटरवरच पडलो होतो. ताईंनी कडेवरच्या छकुलीला सावरत मला उचलले.

“मोठा कुठे मावणार पाळण्याला? हा फोनवर आकडा दाखवतो ना? मग हाच द्या. बाकीचं वाचून घेईन मी, शिकलेली आहे.”

मित्रांनो, तोच मी, प्रोग्राम लिहून चालवायचा बोटभर बोर्ड. आता जुना झालो आहे, एक पिन काळी पडली आहे आणि खरे सांगायचे तर बोलायचाही थकवा येतो. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यात माझ्या पाठीवर चिप बसवली, दिवा लुकलुकतो का ते पाहिले आणि मला पिशवीत घातले. एवढेच माझे बालपण. पुढचे सगळे आयुष्य त्या पाळण्याच्या दांड्यावर गेले.

माझे काम साधे होते. खोली फार गार किंवा फार गरम झाली, की ताईंचा फोन वाजवायचा. छकुलीचा जरा डोळा लागला, की ताई माझा प्रोग्राम लिहायला बसत. तो पहिल्यांदा चालला, तेव्हा त्यांनी छकुलीचेच हात धरून टाळ्या वाजवल्या. माझे कौतुक झाले ते तेव्हाच.

सेन्सर मात्र त्यांनी सरळच जोडला. तो ताण माझ्या पिनला सोसेना. मधूनच आकडा माझ्यापर्यंत पोहोचत नसे आणि आकडा नाही म्हटल्यावर फोन बोंबलत सुटे. ताई तोंडावरचा साबण तसाच ठेवून धावत येत. छकुली आपली गाढ झोपलेली! शेवटी वैतागून त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: आकडा मिळाला नाही, तर आधीचाच दाखव.

फोन गप्प झाला. ताईंना वाटले, मी सुधारलो.

एका थंड दुपारी त्यांनी दुपटी वाळावीत म्हणून छकुलीच्या खोलीत हीटर लावला आणि दार ओढून घेतले. थोड्याच वेळात माझी पिन कायमची गेली. शेवटचा आकडा होता चोवीस. खोली तापत गेली, माझी पाठ भाजू लागली, पण मला ते सांगता येईना. मी आपला चोवीस, चोवीस म्हणत राहिलो. छकुली रडली, मग कुरकुरली, मग तेही थांबले.

तेवढ्यात ताईंची नणंद आली.

“वहिनी, बाळ कुठंय?”

“झोपलंय गं. हे बघ, चोवीस.” ताईंनी बसल्या जागेवरून फोन दाखवला.

“मी भाचीला बघायला आलेय, आकड्याला नाही.”

“उठवलंस तर तूच झोपवायचं हं!”

आत्याने दार उघडले आणि तिथूनच ओरडली, “वहिनी! भट्टी झालीय इथं!”

छकुली लालबुंद झाली होती, घामाने निथळत होती. ताईंनी तिला उचलून बाहेर आणले, अंगावरचे कपडे काढले. आत्या ओल्या फडक्याने तिचे अंग पुसत राहिली. बऱ्याच वेळाने छकुलीने भोकाड पसरले, तेव्हा दोघी तिथेच फरशीवर बसल्या.

“रड गं बाई,” आत्या म्हणाली, “हवं तेवढं रड.”

ताईंनी नंतर तो मोठा बोर्ड आणला. त्या त्याच्यावर शिकतात, चुकतात, हसतात. पाळण्याला मात्र आता काहीच बांधलेले नाही. मी बटणांच्या डब्यात असतो. माझा कुणावर राग नाही. सांगितले तेवढेच मी केले आणि सांगणारी बाई फार दमलेली होती.

मित्रांनो, तुम्हीही शिकायला बसाल, तेव्हा चुका सोसणारा बोर्ड घ्या. पण ते उद्या केले तरी चालेल. आत्ता पलीकडच्या खोलीत कुणी झोपले असेल, बाळ असो की आजोबा, तर हे पान खाली ठेवा. दार उघडा आणि त्याच्या कपाळाला हात लावून या.