दप्तरांची गव्हाण

नाथाजी पलटणीत स्टोअरचा हवालदार होता. शेकडो जवानांचे बूट, पट्टे, ताटल्या, कांबळी त्याच्या ताब्यात असायची, पण त्याच्या हातून कधी एक मोजासुद्धा इकडचा तिकडं झाला नाही. असा हा माणूस दिवाळी सरल्यावर दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आला, आणि पहिल्याच सकाळी त्यानं आपली पोरं शाळेला निघताना पाहिली.

"आये, माझी टोपी?" थोरला लाला एका पायावर नाचत ओरडला.

"डालग्याखाली," मनुबाई चुलीपुढनं म्हणाली.

लालानं डालगं उचललं. टोपी होती, पण टोपीत कोंबडी बसली होती आणि तिचा उठायचा विचार नव्हता.

"आये, माझी पाटी?" ही मधली अंबू.

"दुधावर झाकलीया. काढलीस तर दुसरं कायतरी झाक, मांजर टपलंय."

"आन् वही गं?"

"म्हातारीनं वारा घ्यायला घेतलीवती. बघ तिच्या उशाला."

एवढं सगळं सांगताना मनुबाईनं तव्यावरच्या भाकरीवरनं नजर काढली नव्हती. नाथाजी मात्र दारात सुन्न उभा.

"अगं, ही काय रीत झाली?"

"घावलं का न्हाई समदं?"

"घावलं, पर..."

"मग झालं तर," असं म्हणून तिनं भाकरी उलटली.

आता धाकट्या बनीचं सांगायला हवं. बनी यंदा पहिलीत गेली होती. तिची पाटी आणि पिशवी कायम जाग्यावर असायची, कारण ती दोन्ही गळ्यात घालूनच झोपायची. पेन्सिली तेवढ्या टिकत नसत. त्या ती खायची. पण नाथाजीचं दुखणं पेन्सिलींचं नव्हतं. बनी जन्मली तेव्हा तो सरहद्दीवर होता. पुढंही सुट्टीला यायचा आणि पोरीला जरा ओळख पटतेय तोवर निघायचा. त्यामुळं बनीनं आपल्या बुद्धीनं त्याचा हिशेब लावून टाकला होता. काल तो गाडीवरनं उतरून घरी आला, तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली आणि अगदी बाईमाणसाच्या आवाजात म्हणाली, "बसा पाव्हणं. च्या घेणार न्हवं?"

सगळं घर हसलं. नाथाजीही हसला. मग तिनं विचारलं, "जाणार कवा?"

त्यावरही सगळे हसले. हसून झाल्यावर नाथाजी उगाच विहिरीपर्यंत जाऊन आला.

तेव्हापासून त्याच्या मनानं एकच घेतलं होतं. सुट्टी संपायच्या आत या पोरीच्या तोंडनं 'आबा' ऐकायचं. मिरजेच्या ठेसनावर घेतलेली रिबीन देऊन झाली, रेवड्या देऊन झाल्या. रिबीन तिनं घेतली आणि "कशाला तरास घेतला," म्हणाली. आता सकाळचा हा गोंधळ पाहून त्याच्या डोक्यात उजेड पडला. रंगरूट पलटणीत येतो तेव्हा घाबरलेला असतो. त्याला सामान ठेवायला हक्काची जागा दाखवली की दुसऱ्या दिवसापासून तो दाखवणाऱ्याच्या मागं मागं फिरतो. हे नाथाजीनं कैक वेळा बघितलेलं होतं. पोर म्हणजे काय, लहान रंगरूटच की!

त्यानं घरभर फिरून फळ्या शोधल्या आणि शेवटी गोठ्यात जाऊन थांबला. तिथं बाभळीच्या लाकडाची जुनी गव्हाण होती. दोन बैलांचे दोन आणि म्हशीचा एक, असे तिला मधे फळ्या घालून तीन खण होते. बैल तर कधीच विकले होते. तीन खण, तीन पोरं. नाथाजीला ही देवाचीच योजना वाटली.

"आरं नाथा, पोरं हायती का वासरं?" गव्हाण अंगणात ओढताना बघून त्याची आई दगडाबाई ओरडली.

"आय, लाकूड बघ की. आपल्या पाठीमागं बी टिकंल."

"आन् चंद्रीनं कशात खायाचं?" मनुबाईनं विचारलं. चंद्री म्हणजे म्हैस. "चुलीम्होरं पाट मांडू का तिला?"

चंद्रीसाठी त्यानं रॉकेलचं रिकामं पिंप आडवं कापलं. मग गव्हाण सोड्यानं तीनदा घासली, उन्हात वाळवली आणि बेंदराला बैलांच्या शिंगांना लावायचा उरलेला रंग काढून रंगवली. लालाचा खण निळा, अंबूचा पिवळा, बनीचा गुलाबी. वर खिळे मारले पिशव्यांसाठी, बाजूला डालड्याचा डबा ठोकला पेन्सिलींसाठी, आणि ही सगळी इमारत त्यानं सोप्यात दाराच्या आतल्या अंगाला मांडली. रोज सांजच्याला गोठ्याकडं जाताना चंद्री याच सोप्यातनं जाते, हे त्याच्या लक्षात आलं नाही. पलटणीच्या स्टोअरातनं म्हशी जात नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून दिवे लागायच्या आधी पलटणीतल्या हजेरीसारखं फॉलिन सुरू झालं. पोरं आपापल्या खणापुढं उभी.

"टोपी!"

"हाय!"

"पाटी!"

"हाय!"

"पेन्सिल!"

"हाय, पाव्हणं," बनी म्हणाली. तोंडात होती.

दगडाबाईलाही खण हवा होता. नाही म्हटल्यावर तिनं आपली पानाची चंची अंबूच्या खणात ठेवायला सुरुवात केली. हवालदारानं ती नियमाप्रमाणं जप्त केली. म्हातारीनं काठी त्याच्या पोटरीवर नियमाबाहेर मारली आणि चंची परत मिळवली. पोरांना या गमतीची गोडी लागली, हे मात्र खरं. सकाळी टोपी टोपीच्या जागी मिळायला लागली. फक्त सवयीनं लाला अजून ओरडायचा, "आये, माझा खण कुठाय?"

"दाराजवळ, निळा," मनुबाई भाकरी उलटत सांगायची.

बनीचं काही पुढं सरकेना. ती खणाशी तासन्‌तास बसायची, पण नाथाजी जवळ आला की उठून उभी राहायची आणि बसायला पाट द्यायची.

मग गुरुजींनी निरोप धाडला की तपासणीचे साहेब येणार आहेत. सगळ्यांच्या वह्यापुस्तकांना कव्हरं हवीत. नाथाजीला हे युद्ध आपलंच वाटलं. त्यानं जुनी वर्तमानपत्रं जमवली, जोंधळ्याच्या पिठाची खळ शिजवली आणि चिकटपणा वाढावा म्हणून तीत गुळाचा मोठा खडा टाकला.

"आवं, खळीत गूळ?" मनुबाई म्हणाली.

"तुला न्हाई कळायचं. पकड बसती."

पकड बसली. पुस्तकं अशी कडक झाली की लालाच्या भूगोलानं ढेकूळ फोडता आलं असतं. गुलाबी खण फिका दिसतो असं वाटून नाथाजीनं त्याच दुपारी त्याच्यावर रंगाचा आणखी एक हात मारला आणि साहेब येणार म्हणून चावडीजवळ दाढी करायला गेला. मनुबाई ओढ्याला धुणं घेऊन गेली होती.

तो परत आला तो आईच्या आरोळ्या ऐकतच.

सोप्यात चंद्री उभी होती. गुलाबी खण चाटूनपुसून साफ झाला होता, पिवळा रिकामा होता आणि आता निळ्याचं काम चाललं होतं. लाला भूगोलाचं पुस्तक धरून मागं ओढत होता. हिमालय, गंगा, ब्रह्मपुत्रा कधीच आत गेली होती. त्याच्या हातात विंध्याच्या खालचा तेवढा मुलूख उरला होता. अंबू म्हशीच्या शेपटीला लोंबकळून रडत होती. दगडाबाई चंची छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती आणि "दिपोटी काय म्हणंल, दिपोटी काय म्हणंल," असा तपासणीच्या साहेबांच्या नावानं जप करत होती. धुण्याची बादली खाली ठेवून मनुबाईही आत आली. चंद्रीनं वळून सगळ्यांकडं पाहिलं. तिचं नाक, ओठ, हनुवटी सगळं गुलाबी झालं होतं.

"दावं कुणी सोडलं?" नाथाजी परेडच्या आवाजात गरजला. "आन् खणात पेंड कुणी ठिवली?"

कारण गुलाबी खणाच्या कोपऱ्यात शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा राहिला होता.

तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की बनी दिसत नाही. त्यानं गोठा बघितला, परडं बघितलं. शेवटी आतल्या खोलीत कणगीच्या मागं ती सापडली. परकराला पेंड लागलेली, आणि आवाज न करता रडत होती.

"चंद्री पिंपात जेवत न्हाई," ती हुंदक्यांमधनं म्हणाली. "रॉकेलचा वास येतोय तिला. रोज ह्या खणाकडं बघती जाताना. तिचाच हुता न्हवं त्यो? म्हणून म्या तिला म्हणलं, ये जेवायला."

नाथाजी उकिडवा बसला. चंद्रीनं पिंपाला तोंड लावलेलं नाही, दूध आटत चाललंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला विचारलं होतं फक्त या पोरीनं.

"आय मारंल," बनी म्हणाली. "पाव्हणं, तुमी सांगू नगासा."

नाथाजी उठला, बाहेर आला आणि सावधानमधे उभा राहून म्हणाला, "मीच सोडली म्हस. पेंड बी मीच ठिवली."

"तुमी?" मनुबाई म्हणाली. "कशापायी?"

नाथाजीनं उभ्या जन्मात खोटा हिशेब दिला नव्हता. त्यामुळं त्याला तो जमेना.

"तपासणी," तो म्हणाला.

"म्हशीची?"

"व्हय."

मनुबाईनं कणगीआडनं दिसणारा परकराचा काठ पाहिला, त्यावरची पेंड पाहिली, नवऱ्याचा लाल झालेला कान पाहिला.

"धन्य हाय तुमची पलटण," एवढंच म्हणून ती चंद्रीला गोठ्यात घेऊन गेली.

सकाळी शाळेत जायला कुणी तयार होईना.

"गुरुजी मानायचं न्हाईत," लाला म्हणाला. "मागं कोंडीबाच्या पोरानं सांगिटलं शेळीनं वही खाल्ली, तर त्येला दिवसभर आंगठं धराय लावलं."

"मी येतो सांगाय," नाथाजी म्हणाला.

"तुमचं तरी कशावरनं खरं मानतील?" अंबू म्हणाली. तेही बरोबर होतं.

तेव्हा बनी नाथाजीच्या जवळ आली आणि पहिल्यांदाच पाट न देता बोलली. "पाव्हणं, चंद्रीला न्यायचं का? तिचं त्वांड बघितल्यावर कळंल की."

कुठल्याही हवालदाराला पटणारा बेत होता. पुरावा सोबत असलेला बरा. नाथाजीनं कडक इस्त्रीचा गणवेश चढवला, बूट चमकवले, दावं हातात घेतलं. बनी चंद्रीच्या पाठीवर. मागं लाला आणि अंबू, थोडं अंतर ठेवून, आपण यांच्यातले नाही असं दाखवत.

"काय हवालदार," चावडीवरनं आप्पासो ओरडला, "म्हशीला भरती करताय काय गड्या?"

"न्हाई रं, लगीन दिसतंय," दुसरा म्हणाला. "नवरीनं लाली लावलीया बघ."

शाळेपुढं रांगोळी काढलेली होती. साहेब येऊन ओसरीवरच्या खुर्चीवर बसले होते. पुढं टेबलावर झेंडूचा हार तबकात ठेवलेला. गुरुजींनी दाराकडं पाहिलं आणि त्यांच्या हातातली छडीच गळाली.

नाथाजीनं कडक सलाम ठोकला. "साहेब, हवालदार नाथाजी. दप्तरांच्या खणात पेंड राहिली, म्हणून माझ्या तिन्ही मुलांची वह्यापुस्तकं या म्हशीनं खाल्ली. पुरावा हजर आहे."

"अहो, म्हैस वह्या खाते होय?" गुरुजी चिडून म्हणाले. "कडबा टाकून कागद कोण खाईल?"

चंद्रीनं मान लांब केली आणि तबकातला हार उचलला. दोऱ्यासकट. सगळी शाळा गप्प बसून ऐकत होती आणि चंद्री सावकाश चावत होती. साहेबांनी आधी रुमाल तोंडाला लावला, मग चष्मा काढला, आणि मग त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला, इतके ते हसले.

गुरुजींना हसून चालणार नव्हतं. ते बनीकडं वळले. "पोरी, खरं सांग. पेंड कुणी ठेवली? आणि घरी पाहुणे आलेत म्हणत होतीस ना, मग हे कोण गं तुझे?"

बनीनं म्हशीवरनं खाली नाथाजीकडं पाहिलं. नाथाजीनं समोर भिंतीकडं पाहिलं.

"माझं आबा," बनी म्हणाली. "त्येंनीच ठिवली पेंड. लय येंधळं हायती."

हवालदाराच्या तोंडावर असं काही हसू पसरलं, की साहेबांना वाटलं, बिचाऱ्याला ऐकायला कमी येत असावं.

शिक्षा व्हायची ती झालीच. येंधळ्या बापानं ओसरीच्या टोकाला बसून लालाच्या वर्गातल्या दुसऱ्या पोराच्या पुस्तकावरनं गेलेला भूगोल उतरवून काढायचा, आणि म्हशीला दूर चिंचेला बांधायची. नाथाजी मांडी घालून बसला, जीभ दातांत धरून लिहायला लागला. आत पहिलीच्या वर्गात साहेब बेरजा विचारत होते. एवढ्यात बनी उठून उभी राहिली आणि तिनं करंगळी वर केली. गुरुजींनी डोळे वटारले. साहेबांसमोर, आत्ता? खाली बस!

बनी खाली बसली नाही. ती साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून सरळ ओसरीवर आली आणि ती करंगळी नाथाजीच्या नाकासमोर धरली.

"आबा, उठा की. लवकर."

आणि पलटणीचा स्टोअर हवालदार हिमालय अर्धाच टाकून, टाक कानावर खोचून, लेकीला काखेत मारून मैदानातनं पळत सुटला.