व्हिएन्नाचा जानवसा

एकाहत्तर साली आमच्या साखर कारखान्याचे बारा संचालक बिटाची साखर बघायला युरोपात निघाले, तेव्हा मला दुसरं काही सुचत नव्हतं. व्हिएन्ना नावाच्या जुन्या, राजेरजवाड्यांच्या शहरात आठ दिवसांचा मुक्काम होता. चेअरमन आप्पासाहेबांनी सांगितलं होतं, ज्याला हवं त्यानं मंडळी बरोबर न्यावी. आमच्या ह्यांनी, म्हणजे संचालक उत्तमरावांनी, घरी येऊन ते सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, "तू काय करणार तिथं? भाषा येत न्हाई, खाणं चालायचं न्हाई."

मी भाकरी थापत होते. अशी थापली की भाकरी फाटली. मला जायचं होतं. शेजारच्या गावची जत्रासुद्धा न चुकवणारी बाई मी, राजांचं शहर कशी सोडणार? पण हट्ट केला तर हे आणखी ताठतात, हे वीस वर्षांच्या संसारात शिकले होते, म्हणून गप्प बसले.

घोडं अडलं उतरायच्या जागेवर. मुंबईच्या प्रवासी कंपनीनं तीन हॉटेलांची रंगीत चित्रांची पुस्तकं पाठवली. पंधरा दिवसांत एक निवडून तार करायची होती, आणि त्यातले दहा दिवस संचालकांनी भांडण्यात घालवले. एकाला राजवाडा हवा, दुसऱ्याला चौदा मजले. शेवटी आप्पासाहेब वैतागून म्हणाले, "अरे, बारा गावचे जानवसे भागिरथीवहिनी बघतात. त्यांनाच इचारू की!"

ते खरं होतं. आमच्या भागात लग्न ठरलं की वऱ्हाड उतरवायची जागा बघायला मला नेतात. ह्यांनी नाक मुरडलं, पण चेअरमनच्या शब्दापुढे काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या ओसरीवर हजर. कारखान्याचा सेक्रेटरी कानिफनाथ इंग्रजी वाचून सांगायला बसला. मी आतून चहा पाठवला आणि पदर सावरून बाहेर आले.

पहिलं पुस्तक राजवाड्याचं. भिंतींना सोनेरी आरसे, छताला हंड्या-झुंबरं, जिन्यावर लाल गालिचा. असं देखणं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. तरी म्हणाले, "हे नको."

"का वो वहिनी?" आप्पासाहेब दचकले.

"वऱ्हाड जानवशातच रमलं तर मांडवात कोन जानार? तुमी आरशापुढं पटके बांधत बसाल आन् बिटाची साखर राहील बाजूला."

दुसरं चौदा मजल्यांचं, नवंकोरं, सगळं काचेचं. मी विचारलं, "खिडक्या उघडतात का?" कानिफनाथानं पान उलटून सांगितलं, उघडत नाहीत, हवा यंत्रातून येते. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तंबाखू खाणारे नऊ संचालक एकमेकांकडे बघायला लागले.

तिसरं बघितलं आणि माझा जीवच त्यात अडकला. अरुंद फरसबंदी गल्ली, तीनशे वर्षांचं घर, मध्ये चौक, चौकात अक्रोडाचं झाड आणि दगडी आड. वरच्या मजल्याला लाकडी सज्जा, त्यात लाल फुलांच्या कुंड्या. मी कानिफनाथाला प्रश्नांनी बेजार केलं. ऊन कुठल्या अंगानं येतं? गरम पाणी खोलीत की खाली? आणि हा झाडाखाली बाक दिसतोय, तो बसायचाच ना?

"बाक कशाला लागतो?" हे पुटपुटले.

"रुसायला," मी म्हणाले. "जानवशात कुनीतरी रुसतंच. तो चार लोकांत दिसंल पन त्याची समजूत काढता यील, अशी जागा लागते. बारा संचालक म्हंजे रोज एक धरा."

आप्पासाहेब इतके हसले की चहा सांडला. "ठरलं! कानिफनाथ, तार कर."

"थांबा," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू, रात्रभर ह्याच शब्दांची जुळवाजुळव केली होती. "जागा चांगली दिसती. पन सोताच्या डोळ्यानं बघितल्याबिगर पसंत हाय असं मी म्हननार न्हाई. भिंतीला ओल हाय का, शेजारी काय हाय, हे चित्रात दिसत न्हाई. दुसऱ्याच्या सांगन्यावर जानवसा पसंत करायचा न्हाई, अशी मी पारनेरला शपथ घेतलीया."

पारनेर सगळ्यांना आठवत होतं. चार वर्षांपूर्वी मी तापानं पडले होते, म्हणून तिथला जानवसा हे बघून आले होते. "एक नंबर," म्हणाले होते. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती, ती काही ह्यांना दिसली नाही. सगळं वऱ्हाड पांढऱ्या भुवयांनी मांडवात आलं आणि नवरदेव अंतरपाटाआड शिंकत राहिला. तो नवरदेव आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ होता.

आप्पासाहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. हे आधी लाल झाले, मग खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत बसले. मला वाटलं, आता उठून जातील आणि माझं व्हिएन्ना ओसरीवरच संपेल.

"तार कर," हे शेवटी कानिफनाथाला म्हणाले. "तिसरं. आन् लिही, बारा न्हाई, तेरा मानसं."

मी आत पळाले आणि माजघरात तोंडाला पदर लावून हसले, रडले, दोन्ही केलं.

पुढच्या सोमवारी पासपोर्टचा फॉर्म भरायला आम्ही नगरला गेलो. कोर्टाबाहेर झाडाखाली बसलेल्या टायपिस्टानं माझं नाव, गाव, वय विचारलं. "व्यवसाय?" असं विचारून माझ्याकडे न बघताच तो 'घरकाम' टाईप करायला लागला.

ह्यांनी त्याचा हात धरला. "घरकाम नगं. जानवसे बघनं, असं लिहा."

"साहेब, असा कुठं व्यवसाय असतो का?"

"असतो," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "खोटं वाटत आसंल तर पारनेरला जाऊन इचारा."