दुपारची सोबत

जिन्याच्या पहिल्याच पायरीवर पाणी दिसलं आणि मिस्त्री थबकले. पाणी वरून येत होतं, पायरी-पायरीने, अगदी निवांत. हत्यारांची पिशवी तिथेच टाकून ते धावत सुटले. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नव्हती, आणि गुडघे कधीचेच कुरकुरायला लागले होते. पण त्या दुपारी आपण तिसऱ्या मजल्यावर कसे पोचलो, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

दार सताड उघडं होतं. बाहेरून लावलेलं कुलूप कडीसकट उचकटून उंबऱ्याशी पडलं होतं.

"अगं ए!" त्यांनी हाक मारली. "कुठे आहेस?"

घरभर पाणी. न्हाणीघरातला नळ कुणीतरी बंद केलेला. स्वयंपाकघर रिकामं, खाट रिकामी. त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. गॅलरीचं दार मात्र उघडं होतं आणि तिकडे पाय उचलेना. लिफ्टच्या पोकळीत दहा-दहा मजले पायाखाली घेऊन हा माणूस निर्धास्त काम करायचा. आता आपल्याच गॅलरीच्या कठड्यावरून खाली डोकवायचं म्हटल्यावर भिंत धरून उभा राहिला.

"मिस्त्री! अहो, इकडे आहेत त्या! माझ्याकडे!"

आवाज खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकूंचा होता.

काकूंच्या घरी बायको शिलाई मशीनशेजारी स्टुलावर बसली होती. अंगात काकूंचा कोरडा गाऊन, हाताला चिंधी बांधलेली. समोर पडलेल्या कापडाच्या तुकड्यांच्या ती नीट घड्या घालत होती. वर्षानुवर्षं बालवाडी चालवल्यामुळे इमारतीत तिला सगळे टीचर म्हणत. घड्या घालण्यात ती इतकी गुंग होती, की नवरा आलेलाही तिला कळला नाही.

"छतातून धार लागली हो, मशीनवरच," काकू म्हणाल्या. "वर गेले, तर या आतून दार बडवतायत. हात सोलवटून घेतले. मग वॉचमनला बोलावलं आणि फोडलं कुलूप."

"आजच लावलं होतं," मिस्त्री म्हणाले. "जरा बाहेर..."

"मिस्त्री, मी तुमच्या खालीच राहते. दार रोज दुपारी वाजतं."

मिस्त्रींचे दोन्ही हात नकळत जोडले गेले. "काकू, कुणाला सांगू नका. तुमच्या पाया पडतो. कुणी तक्रार केली तर घेऊन जातील हो तिला."

ही भीती आजची नव्हती. टीचर विसरायला लागली, तेव्हा आधी त्यांनी चेष्टाच केली होती. मग एकदा ती भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध, शाळेच्या मुलांना ओळीत उभं करायच्या थाटात हात पसरून उभी राहिलेली सापडली. सांभाळायला ठेवलेल्या बाईने महिनाही काढला नाही. मुलगी परगावी, फोनवर ती रडायची आणि उलट तिचीच समजूत घालावी लागायची. काम सोडावं, तर खायचं काय? तेव्हापासून कुलूप. मग कामावर असताना खिशातला फोन वाजला, की भीती वाटायची. न वाजला, तर अधिकच.

काकूंनी मशीनवरचं पाणी पुसत विचारलं, "माझ्या सासूबाई आठवतात? शेवटी शेवटी मला चोर म्हणायच्या. एकदा माझ्या मनात आलं, उशी घ्यावी आणि..." त्या थांबल्या. "दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर शनिवारी माणसं जमतात. घरातलं आजारपण एकट्याने निस्तरणारी. तिथे गेले म्हणून मी टिकले. चला."

"नको. तिथे सिस्टर असणार, डॉक्टर असणार. नावगाव विचारतील."

"विचारतील की. तुम्ही काय दरोडा घातलाय?"

शनिवारपर्यंत दुपारी टीचर काकूंकडे बसली. मिस्त्रींना तेवढ्याने सुख लागेना. काकू आज बऱ्या आहेत, उद्या कंटाळतील. कंटाळल्या की बोलतील. बोलल्या की कुणीतरी दारात उभं राहील. एकदा तर त्यांनी लिफ्टचा मेन स्विच बंद न करताच आत हात घातला. सोबतच्याने खसकन मागे ओढलं, म्हणून हात राहिला. हात गेला असता, तर तिला भरवलं कुणी असतं?

शनिवारी ते गेले.

वरच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या. सिस्टरने टीचरला शेजारच्या खोलीत मदतनीस बायांकडे सोपवलं आणि मधलं दार लोटून ती परत येऊन बसली. मिस्त्रींची नजर त्या दारावरून हलेना. आत काय विचारत असतील तिला? हाताची खपली बघितली असेल. टीचरने काहीबाही सांगितलं तर? ते पायात चप्पल सरकवतच होते, तेवढ्यात समोरचा तरुण कंडक्टर, अंगातला गणवेशही न उतरवता आलेला, खाली मान घालून म्हणाला, "काल मी वडलांवर हात उचलला."

आता उठतील सगळे. आता कुणीतरी फोन करेल.

कुणी उठलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सिस्टरने विचारलं, "मारल्यावर काय केलंस?"

"बाहेर जाऊन बसलो. लागलं नाही त्यांना. पण मला माझीच भीती वाटली."

मग मिस्त्रींना एक आवाज ऐकू आला, आणि तो आपलाच आहे हे जरा उशिराच लक्षात आलं. "मी बायकोला घरात कोंडून ठेवायचो. बाहेरून कुलूप लावून."

"आता?" सिस्टरने विचारलं.

"आता काकूंकडे असते. पण त्या तरी किती दिवस..."

"कोंडायचं नाही, मिस्त्री. आग लागली तर काय होईल, याचा विचार करा," सिस्टर स्पष्टच बोलली. मिस्त्री खुर्चीत आकसले. लगेच तिचा स्वर बदलला. "सोमवारी नि गुरुवारी दुपारी इथे सोडा त्यांना, आमच्या बाया असतात. बाकीच्या दिवसांचं काय करायचं?"

"माझी सकाळची पाळी असली, की मी दुपारी रिकामा," कंडक्टर म्हणाला. "वडलांना घेऊन येईन तुमच्याकडे. दोघं बसतील. मलाही कुणीतरी समोर असलं, की बरं."

मिस्त्रींनी मान हलवली. भीती गेली नव्हती. हा पोरगा रागीट, टीचर हट्टी. काय होईल, कुणी सांगावं? पण ती भीती आज पहिल्यांदा आणखी कुणाला तरी ठाऊक होती.

दार उघडलं. टीचर बाकावर बसली होती, केस विंचरलेले, पदर सारखा केलेला. मिस्त्री समोर जाऊन उभे राहिले. तिने अदबीने वर पाहिलं.

"कुणाला न्यायला आलात?"

मिस्त्रींच्या ओठांवर आलेलं "तुला" तिथेच राहिलं.

"तुम्हालाच," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी बायकोला अहो-जाहो केलं.

"नाही हो, माझे मिस्टर येणारेत. कामावरून यायला उशीर होतो त्यांना." ती बाकावर जराशी सरकली. "बसा ना तोवर."

मिस्त्री तिच्या शेजारी, मध्ये थोडं अंतर ठेवून बसले आणि तिच्यासोबत वाट पाहू लागले.