फुलपाखरू उद्यानातल्या अळ्या

बदलापुरात शिरगावच्या टोकाला हिरवाई मंडळाने फुलपाखरू उद्यान काढलं, तेव्हा सोमा तिथे माळी म्हणून लागला. आधी तो अंबरनाथला एका कारखान्याची लॉन सांभाळायचा. कारखाना बंद पडला आणि लॉनही वाळली. उद्यानात त्याने मंडळाच्या यादीबरहुकूम कढीपत्ता, लिंबू आणि रुई लावली. यादी कुणा जाणकाराने केली होती, कारण वर्षभरात त्या झाडांवर खरोखरच अळ्या आल्या.

तिथेच घोळ झाला. रोज सकाळी चालायला येणाऱ्या बाळाजीकाकांनी लेखी तक्रार दिली, की उद्यानात अळ्या आहेत, पानांना भोकं पडली आहेत आणि आपली नात सई घाबरून ताप येऊन पडली आहे. मंडळाचे व्यवस्थापक गुरुदत्त साहेब त्याच दुपारी आले. माणूस वाईट नव्हता. फक्त तक्रारीचा कागद हातात आला, की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही. त्यांनी सोमाला औषध फवारायला सांगितलं.

"साहेब, फुलपाखरं याच अळ्यांची होतात," सोमा म्हणाला.

"मला माहीत नाही का? पण बोर्डावर फुलपाखरू लिहिलंय. अळी कुठे लिहिलीय?"

सोमाने पंप पाठीला लावला, पण टाकीत नुसतं पाणी भरलं. रोज उजाडता उजाडता तो अळ्या पानांसकट खुडून घमेल्यात घ्यायचा आणि मागच्या फाटकातून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन सोडायचा. तो प्लॉट कसल्याशा आरक्षणात वर्षानुवर्षं पडून होता. रुई आणि घाणेरी तिथे डोक्याइतकी वाढली होती. कढीपत्त्याचे फुटवे सोमाने स्वतः नेऊन लावले. घरी बायकोला, गयाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, साहेबांना कळलं तर नोकरी जाईल. सोमालाही तेच वाटत होतं. दोन-तीनदा त्याने औषधाची बाटली उघडलीही, पण हात पुढे जाईना.

उद्यानात आता भोक नसलेली पानं होती आणि फुलपाखरू एकही नव्हतं. यावर मंडळाने ठराव करून फायबरची सहा मोठी फुलपाखरं खांबांवर बसवली. लोक त्यांच्यासमोर फोटो काढू लागले. बाळाजीकाकांनी अभिनंदनाचं पत्र दिलं.

हिवाळ्यात उद्यानांच्या स्पर्धेची तपासणी आली. परीक्षक म्हणून कीटकांचा अभ्यास करणाऱ्या जिज्ञासा मॅडम होत्या. त्या हातात वही घेऊन अर्धा तास उद्यानात फिरल्या, पण वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही. गुरुदत्त साहेबांनी आज वारा उलटा असल्याचं सांगितलं, मग चहा सांगितला. तेवढ्यात भिंतीवरून एक केशरी फुलपाखरू आत आलं, लॉनवर एक चक्कर मारून आलं तसं परत गेलं. मॅडम त्याच्या मागोमाग फाटकाकडे निघाल्या.

पलीकडे घाणेरीवर, रुईवर जिकडे बघावं तिकडे फुलपाखरं होती. मॅडमनी वही उघडली आणि पानभर लिहिलं. मग त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?

"आमचा दुसरा टप्पा आहे हा," गुरुदत्त साहेब म्हणाले. ते त्या प्लॉटवर पहिल्यांदाच येत होते.

तपासणीच्या गडबडीत उशीर झालेला सोमा तिथेच रुईपाशी घमेलं घेऊन उभा होता. मॅडमनी घमेल्याकडे पाहिलं. त्यात अकरा अळ्या होत्या.  सोमा गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पण तो म्हणाला, "मी केलं मॅडम. साहेबांनी फवारायला सांगितलं होतं. मी पाणी मारलं."

नोकरी गेली नाही. उद्यानाला दुसरा नंबर मिळाला, गुरुदत्त साहेबांच्या खांद्यावर शाल पडली आणि 'अळी स्थलांतराचा अभिनव प्रयोग' यावर त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं. सोमा तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होता. त्यातलं बरंचसं त्याला नवीन होतं.

मंडळाने लगेच तो प्लॉट मागून घेतला. तिथे फरशीची वाट, लॉन आणि आणखी सहा फायबरची फुलपाखरं करायचं ठरलं. पण मॅडमच्या अहवालात शेवटची अट होती, की या जागेत काहीही केल्यास बक्षीस परत घेतलं जाईल. मंडळाच्या तीन बैठका झाल्या. अखेर तिथे काही होत नाही ना, यावर लक्ष ठेवायला सोमाची नेमणूक झाली. त्याला खुर्ची मिळाली, शिट्टी मिळाली आणि रोजचा अहवाल लिहायला रजिस्टर मिळालं.

पहिल्या दिवशी सोमाने लिहिलं, 'काही केले नाही.' गुरुदत्त साहेबांनी रजिस्टर परत पाठवलं. वर विचारणा होते, म्हणाले, कामाचा तपशील पाहिजे.

नववीपर्यंत शिकलेला सोमा त्या दुपारी खुर्चीत बसून बराच विचार करत राहिला. समोर रुईच्या पानावर एक पट्ट्यापट्ट्यांची अळी कडेकडेने पान कुरतडत चालली होती. ती पार देठापर्यंत पोहोचल्यावर त्याने पेन उघडलं आणि तपशील भरला: 'सकाळी नऊपासून बसलो. अळीने एक पान खाल्ले. अडवले नाही.'

साहेबांनी त्यावर सही केली.