समोरची जागा

आंब्याखालच्या वर्गात चौऱ्याण्णव मुलं, इंग्रजीची पुस्तकं सोळा आणि फळा नाहीच. म्हणून कुमवेंडा मॅडमनी सहा-सहा जणांचे गट पाडले होते. पुस्तक मधोमध जमिनीवर, भोवती मुलं, आणि ज्याची जागा त्याची, हलायचं नाही. एकाचं अडलं की दुसऱ्याने सांगायचं. असा शिस्तीचा वर्ग अख्ख्या रुम्फी जिल्ह्यात नाही, असा शेरा तपासणीचे साहेब देऊन गेले, तेव्हापासून मॅडम हवेत होत्या.

लुसुंगू सगळ्यांत तयारीची. कुणी क्रियापदाचा काळ चुकवला की तिथेच थांबवायची. पोरं तिला 'छोट्या मॅडम' म्हणून चिडवत. वाचनात पहिल्या येणाऱ्या मुलीला मिशनच्या वसतिशाळेत फुकट जागा मिळणार होती. मॅडमनी तिचंच नाव दिलं.

मिशनच्या बाई आल्या. लुसुंगूने पुस्तक हातात घेतलं आणि सरळ उलटं धरलं. पोरं खिदळली.

"पाहुण्यांपुढे थट्टा सुचते?" मॅडमनी पुस्तक हिसकावून सुलट दिलं. "वाच आता!"

लुसुंगू पानाकडे नुसती बघत राहिली.

"एरवी सगळ्यांना शिकवतेस, आणि स्वतःला वाचता येत नाही? बस खाली!"

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. लुसुंगू शाळेत यायची बंद झाली.

पंधरा दिवसांनी तिच्या गटाला धडा समजावताना मॅडम तिच्या रिकाम्या जागी टेकल्या. पुस्तकातली सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती. गेल्या वर्षी, तिसरीतही वर्ग त्यांचाच होता आणि लुसुंगू पुस्तकासमोर, इथेच. पोरगी दोन वर्षं अशी उलटी अक्षरंच वाचत आली होती. एकदा, फक्त एकदा जागा बदलल्या असत्या तर!

शाळा सुटताच त्यांनी तिचं घर गाठलं. आई दारात शेंगा फोडत होती.

"लुसुंगू कुठाय?"

"कासुंगूला, मावशीकडे धाडली. तंबाखूच्या मळ्यावर तिची लेकरं सांभाळते."

"अहो, तिला वाचता येतं! चूक माझी झाली."

आईचे हात थांबले. "तीही तेच म्हणत होती, मॅडम. मला येतं, मला येतं, म्हणून रडत होती. मीच दोन ठेवून दिल्या. म्हटलं, मॅडम कशाला खोटं बोलतील?"

तिने मूठभर शेंगा पुढे केल्या. त्या घ्यायलाही मॅडमना लाज वाटली.